बोरघाटाच्या पायथ्याशीं : निशाण, गीत आणि श्रद्धा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकांत उभी राहिली म्हणजे प्रवाशांचें लक्ष बहुधा फलाटावरील बटाटेवड्यांकडे जातें. पुढें घाट लागला कीं तें बोगद्यांकडे आणि धबधब्यांकडे वळतें. १८६३ सालीं बोरघाटांतून लोहमार्ग सुरू झाल्यापासून बहुतेकांनीं हा प्रदेश असा धांवत्या गाडीच्या खिडकींतूनच पाहिला आहे. परंतु उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतील हा टापू म्हणजे केवळ वाटेवरचा मुक्काम नव्हे. कोंकण आणि देश यांना जोडणारी ही वाट फार जुनी आहे. व्यापारी, भिक्षु, सैनिक आणि वारकरी या वाटेनें वर चढले आणि याच वाटेनें खालीं उतरले. त्यांच्या निशाणांच्या सावल्या या डोंगरांवरून एकामागून एक सरकत गेल्या.

राष्ट्र कशानें घडतें, असा प्रश्न निघाला कीं तीन उत्तरें ठरलेलीं असतात. कोणी म्हणतो, एका धर्मश्रद्धेनें. कोणी म्हणतो, एका निशाणानें. कोणी म्हणतो, सर्वांच्या कंठांतून एकदम निघणाऱ्या एका गीतानें. तीनही उत्तरांत तथ्य आहे. नाहीं तर चार हात कापडासाठीं आणि चार ओळींसाठीं माणसांनीं प्राण वेंचले नसते. परंतु हीं उत्तरें व्यासपीठावरून जितकीं सोपीं वाटतात, तितकीं तीं जमिनीवर उतरल्यावर राहत नाहींत. तीं पारखून पाहण्यास फार दूर जावयास नको. पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके त्यासाठीं पुरेसे आहेत.

प्रथम श्रद्धेचा विचार करूं. कारण या खोऱ्यांत तिच्याच खुणा सर्वांत जुन्या आहेत. राजमाचीच्या पायथ्याशीं, रानाच्या पोटांत, कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तीं खोदलीं गेलीं. तेथील एका भग्न शिल्पाशेजारीं ब्राह्मी लिपींत एक लहानसा लेख कोरलेला आहे. ती कृति कृष्णाचा शिष्य बलक यानें केली, असें तो सांगतो. शिल्प करणाऱ्याचें नांव असें दोन हजार वर्षें टिकलें. त्याच्या राजाचें निशाण कोणत्या रंगाचें होतें, हें मात्र आज कोणी सांगूं शकत नाहीं. खालापूर तालुक्यांत महड येथें अष्टविनायकांपैकीं वरदविनायकाचें देऊळ आहे. तें १७२५ सालीं सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनीं बांधविलें, आणि १८९२ पासून तेथें नंदादीप अखंड तेवत आहे, अशी त्याची ख्याति आहे. खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेलें महादेवाचें देऊळ आणि विस्तीर्ण तळें आहे. गांवोगांवीं ग्रामदैवतें आहेत, मशिदी आणि दर्गे आहेत. आणि डोंगराच्या कुशींतील कातकरी व ठाकूर यांच्या वाड्यांवर शेंदूर फांसलेला वाघोबा आहे.

इतक्या श्रद्धा इतक्या थोड्या भूमींत नांदल्या. प्रत्येक श्रद्धेनें आपापल्या माणसांना आधार दिला, वर्षाचे सण दिले, सुखदुःखांत एकत्र जमण्याची जागा दिली. कोंडाण्याचे भिक्षु गेले. विहार ओस पडले. पुढें तेथें गुराखी पावसांत आसरा घेऊं लागले. परंतु श्रद्धा बदलली म्हणून हा मुलूख परका झाला नाहीं. भात तेंच पिकलें, नदी तीच वाहिली. श्रद्धेनें मंडळी बांधली जाते, यांत शंका नाहीं. पण एका श्रद्धेची मंडळी म्हणजेच राष्ट्र, असें या खोऱ्याचा इतिहास म्हणत नाहीं.

मग निशाणाचें काय? खालापूर तालुक्यांतच अंबा नदीच्या कांठीं चावणी गांवाजवळ उंबरखिंड आहे. शाहिस्तेखानाचा तळ पुण्यांत पडला असतां त्यानें कारतलबखान नांवाच्या उझबेक सरदारास कोंकण जिंकण्यासाठीं घाटाखालीं धाडिलें. १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं खानाचें सैन्य या अरुंद रानवाटेंत शिरलें, आणि शिवाजीमहाराजांच्या मूठभर लोकांनीं त्यास पुढून व मागून कोंडलें. वाट खुंटली, पाणी मिळेना. तेव्हां खानाबरोबर असलेल्या रायबाघन या स्त्री-सरदारानें त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला. महाराजांनीं खंडणी व सामान घेऊन त्या सैन्यास जिवंत जाऊं दिलें. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचें वर्णन आहे.

ही रायबाघन माहूरच्या हिंदु देशमुख घराण्यांतील होती, आणि ती मोगलांच्या निशाणाखालीं लढत होती. इकडे महाराजांच्या आरमारावर दौलतखान अधिकारी होता आणि त्यांच्या पदरीं काजी हैदर होता. म्हणजे निशाण एक असलें तरी त्याखालची श्रद्धा एक नव्हती. आणि श्रद्धा एक असली म्हणून निशाण एक झालें नाहीं. उंबरखिंडीच्या लढाईंत दोन धर्म समोरासमोर उभे होते, असें म्हणणें सोपें आहे. परंतु तें खरें नाहीं. एका बाजूस दूरच्या बादशहाची चाकरी होती. दुसऱ्या बाजूस आपल्या डोंगरांत आपलें राज्य असावें ही इच्छा होती.

याहूनही बोलका दाखला याच तालुक्यांतील चौक गांवचा आहे. हें गांव सरनोबत नेताजी पालकराचें गांव म्हणून ओळखलें जातें. त्याच्या पराक्रमामुळें लोक त्याला प्रतिशिवाजी म्हणत. १६६६ च्या आरंभीं पन्हाळ्याच्या स्वारींत तो वेळेवर पोंचला नाहीं आणि त्याच्यावर महाराजांची इतराजी झाली. रागाच्या भरांत नेताजी विजापूरकरांकडे गेला. तेथून मिर्झाराजे जयसिंगानें त्याला मोगलांच्या चाकरींत ओढलें. पुढें महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हां औरंगजेबानें नेताजीस कैद करविलें. १६६७ सालीं त्याला मुसलमान करून महंमद कुलीखान हें नांव देण्यांत आलें, आणि त्याची रवानगी काबूलच्या बाजूस झाली. सुमारें नऊ वर्षें हा सह्याद्रीचा माणूस अफगाण सरहद्दीवर मोगलांसाठीं लढत राहिला. १६७६ सालीं दक्षिणेंत आल्यावर तो महाराजांकडे परतला. आणि महाराजांनीं प्रायश्चित्त देववून त्याला पुन्हा स्वधर्मांत व स्वजनांत घेतलें.

या एका आयुष्यांत निशाण, श्रद्धा आणि स्वत्व यांची सारी गुंतागुंत सांपडते. नेताजीनें निशाण बदललें तें रागानें. त्याची श्रद्धा बदलली ती दुसऱ्याच्या बळजबरीनें. परंतु नवें नांव आणि नवी मनसब नऊ वर्षें मिरवूनही तो बादशहाचा झाला नाहीं. सक्तीनें दिलेली श्रद्धा माणसास कोणाचाच करीत नाहीं, हें त्यावरून दिसतें. आणि दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. केवळ नेताजीच्या ओढीनें त्याचें परत येणें घडलें नाहीं. दार उघडणारा कोणी तरी असावा लागला. गेलेल्या माणसाला परत घेण्याची वाट त्या काळीं फार थोड्यांसाठीं उघडी होती. ज्यानें एकदां निशाण सोडलें आणि ज्याचा धर्म गेला, त्याला ‘हा आपला’ असें म्हणण्याचें धैर्य राजानें दाखविलें. राज्याची खरी रुंदी त्या धैर्यांत होती.

पुढें तें राज्यही गेलें. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें, आणि थोड्याच महिन्यांत पेशवाई संपली. जरीपटका उतरला तरी लोक उरले, आणि लोकांच्या तोंडीं गाणें उरलें. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शाहिरांच्या परंपरेनें पुढें आला. कार्तिकींत खांद्यावर पताका घेतलेल्या कोंकणच्या दिंड्या बोरघाट चढून आळंदीस जात राहिल्या. राज्याचें निशाण उतरवितां येतें. लोकांच्या कंठांतलें गाणें उतरवितां येत नाहीं, हें परक्या सत्तेला पुढें ‘वंदे मातरम्’च्या वेळीं चांगलेंच कळलें.

बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ या १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरींतलें हें गीत १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्यें रवींद्रनाथांनीं गाइलें, आणि १९०५ च्या वंगभंगानंतर तें रस्त्यारस्त्यावर घुमूं लागलें. मराठी माणसांचा त्यांतला वांटा मोठा आहे. कुरुंदवाडास जन्मलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर काँग्रेसच्या अधिवेशनांतून तें गात असत. १९२३ सालीं काकिनाडा येथें अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीं धर्माच्या कारणास्तव गायनास हरकत घेतली. पंडितजींनीं गीत पुरें करूनच आसन सोडलें. या प्रसंगाकडे एकाच बाजूनें पाहून चालत नाहीं. एकाला जें देशाचें पूजन वाटलें, तें दुसऱ्याला आपल्या श्रद्धेवरील आक्रमण वाटलें. आणि दोघेही त्याच देशाच्या मुक्ततेसाठीं झगडत होते. गीतानें माणसें जोडलीं जातात. परंतु त्यांतल्या एका शब्दाशीं कोणी अडखळला, तर तेंच गीत त्याला दाराबाहेर उभें करतें.

तोड निघाली ती समजुतीनें. रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन १९३७ च्या ऑक्टोबरांत काँग्रेसच्या कार्यकारिणीनें राष्ट्रीय समारंभांत गीताचीं पहिलीं दोन कडवींच गावीं असें ठरविलें. कारण पुढील कडव्यांत देवीचें आवाहन आहे, पहिल्या दोहोंत केवळ मातृभूमीचें वर्णन आहे. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनीं झिंझोटी रागांत चाल बांधून हें गीत समूहाला गातां येतें आणि वाद्यवृंदावर वाजवितां येतें, हें दाखविण्यासाठीं मोठे परिश्रम घेतले. अखेर २४ जानेवारी १९५० रोजीं घटनासमितींत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं ‘जन गण मन’ हें राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान, असें जाहीर केलें. कोणाचाच संपूर्ण जय झाला नाहीं. म्हणूनच तो निर्णय टिकला.

‘जन गण मन’मध्यें सिंध प्रांताचा उल्लेख आहे, आणि सिंध तर १९४७ पासून भारतांत नाहीं. तो शब्द बदलावा, अशी मागणीही झाली. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती मान्य केली नाहीं. त्या निर्णयाचें मर्म कर्जतच्या डोंगरांतून येणाऱ्या नदीच्या कांठींच समजतें. उल्हास नदी येथून कल्याणकडे वाहत जाते. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या छावण्यांत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीला याच नदीवरून उल्हासनगर हें नांव मिळालें. ज्याची भूमि नकाशांतून गेली, त्याला ती राष्ट्रगीतांत सांपडते. गीत असें नकाशाहूनही रुंद होऊं शकतें.

राष्ट्रध्वजाची कथा याच वळणानें गेली. १९२१ सालीं गांधीजींनीं चरख्याच्या निशाणाची कल्पना मांडली, तेव्हां रंगांचा अर्थ धर्मांवरून लाविला जात होता: तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्वांचा. मग साहजिकच ज्याला त्याला आपला रंग हवासा वाटूं लागला. १९३१ सालीं काँग्रेसनें सात जणांची समिति नेमली. तींत हिंदुस्थानी सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि काकासाहेब कालेलकर होते, तसेच वल्लभभाई, जवाहरलाल, मौलाना आझाद आणि मास्टर तारासिंगही होते. समितीनें सबंध केशरी रंगाच्या, चरख्याच्या निशाणाची शिफारस केली. परंतु ऑगस्टांत मुंबईस भरलेल्या बैठकींत ती शिफारस बाजूस ठेवून तिरंगाच स्वीकारला गेला, आणि त्याबरोबर स्पष्ट करण्यांत आलें कीं, या रंगांचा धर्मपंथांशीं संबंध नाहीं. ते गुणांचे वाचक आहेत.

इतर देशांनाही हा पेंच चुकला नाहीं. फ्रान्सांत १८७३ सालीं राजसिंहासन जवळजवळ हातांत आलें असतां शांबोरच्या उमरावानें राज्यक्रांतीचें तिरंगी निशाण नाकारून आपल्या घराण्याच्या पांढऱ्या निशाणाचा हट्ट धरिला. सिंहासन गेलें तें गेलेंच. आयर्लंडच्या निशाणांत कॅथॉलिकांचा हिरवा आणि प्रॉटेस्टंटांचा नारिंगी यांमध्यें पांढरा पट्टा आहे तो दोहोंच्या समेटाचा. पण पट्टा शिवून झाल्यावरही समेटासाठीं पिढ्या जाव्या लागल्या. निशाण समेटाची इच्छा दाखवितें. समेट माणसांनाच करावा लागतो.

२२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीनें तिरंग्यावर चरख्याच्या जागीं अशोकाचें चक्र घेतलें. ज्या समितीनें ध्वजाचा आराखडा सिद्ध केला, तींत डॉ. आंबेडकर होते. तें चक्र सारनाथच्या बौद्ध स्तंभावरचें आहे. ज्या धर्माचे विहार कोंडाण्याच्या रानांत ओस पडले होते, त्याच्याच परंपरेंतली खूण सर्वांच्या निशाणाच्या मध्यभागीं आली. आणि कोणाही हिंदूला, मुसलमानाला वा ख्रिस्त्याला तिच्यापुढें उभें राहण्यासाठीं आपली श्रद्धा सोडावी लागली नाहीं.

येथवर सभा आणि ठराव यांचें वर्णन झालें. परंतु ठरावांनीं निशाणाला अर्थ दिला, असें म्हटलें तर रानांतल्या माणसांवर अन्याय होईल. खालापूरच्या पश्चिमेस, उरण तालुक्यांत चिरनेर गांव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजीं तेथील अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल-सत्याग्रह झाला आणि पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जे पडले, त्यांत नाग्या महादू कातकरी हा तरुण होता. त्यानें ना घटना वाचली होती, ना रंगांचे अर्थ ऐकले होते. ज्या रानावर त्याचें पोट होतें, तें आपलें आहे, एवढें त्याला ठाऊक होतें.

आणि मग १९४२ साल आलें. माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबांत १ डिसेंबर १९१२ रोजीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, वकिलीपर्यंत शिकले. आणि शिकून डोंगराखालच्या शेतकऱ्यांत व आदिवासींत परतले. त्यांनीं वाड्यावाड्यांवर शाळा काढल्या, आणि पावसाळ्यांत सावकाराकडे धान्यासाठीं हात पसरावा लागूं नये म्हणून धान्यकोठ्या उभारल्या. ‘छोडो भारत’ची हांक आल्यावर ते भूमिगत झाले आणि त्यांनीं आझाद दस्ता उभा केला. खोपोलीचें वीजगृह १९१५ मध्यें आणि भिवपुरीचें १९२२ मध्यें सुरू झालें होतें. तेव्हांपासून या डोंगरांतलें पाणी मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना वीज पुरवीत होतें. त्या तारांखालच्या वाड्यांत मात्र रॉकेलची चिमणीच होती. दस्त्यानें ते विजेचे मनोरे रात्रींच्या अंधारांत कापून पाडले, आणि मुंबईचीं यंत्रें अडलीं. २ जानेवारी १९४३ रोजीं पहांटे, मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत, पोलिसांनीं दस्त्याला गांठलें. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तेथेंच हुतात्मे झाले.

त्या दस्त्यांत वेगवेगळ्या जातींचीं माणसें एका पानांत जेवलीं, एका रानांत निजलीं आणि एकमेकांच्या जिवावर विसंबून राहिलीं. त्यांच्या माथ्यावर मोठें निशाण फडकत नव्हतें. लपून राहणाऱ्यांना तें परवडणारेंही नव्हतें. परंतु १५ ऑगस्ट १९४७ रोजीं कर्जत-नेरळच्या भागांत जें निशाण चढलें, त्याचा अर्थ तेथील लोकांना कोणी समजावून सांगावा लागला नाहीं. तो त्यांना सिद्धगडानें आधींच सांगितला होता. आजही दरवर्षीं २ जानेवारीस लोक त्या रानांत जमतात.

श्रद्धा, गीत आणि निशाण यांनीं राष्ट्राला रूप येतें, हें म्हणणें खोटें नाहीं. पण रूप म्हणजे प्राण नव्हे. माणसांनीं एकत्र सोसलेलें, एकत्र कष्टलेलें आणि एकमेकांना दिलेलें जें असतें, तें या खुणांत सांठतें; खुणा तेवढ्या हातीं घेऊन तें उत्पन्न करतां येत नाहीं. नेताजीला दार उघडलें गेलें, गीताचीं दोन कडवीं समजुतीनें निवडलीं गेलीं, रंगांचे अर्थ धर्मांवरून गुणांवर आले. प्रत्येक वेळीं खूण थोडी अधिक रुंद झाली, आणि म्हणून ती टिकली.

स्वातंत्र्यदिनीं आणि प्रजासत्ताकदिनीं या डोंगरांतल्या आश्रमशाळांत कातकऱ्यांचीं आणि ठाकरांचीं मुलें रांगेनें उभीं राहून राष्ट्रगीत म्हणतात. त्यांतलीं कित्येक पुढील आठवड्यांत आईबापांबरोबर वीटभट्टीच्या किंवा कोळशाच्या कामावर निघून जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें रेघ पडते. सर्वांत दूरच्या वाडीवरच्या त्या मुलाला हें निशाण आपलें वाटतें कीं नाहीं, हें त्याच्या सलामीवरून ठरत नाहीं. भाई कोतवालांनीं निशाण हातीं घेण्यापूर्वीं शाळा काढल्या आणि धान्यकोठ्या भरल्या. कारण कोठें आरंभ करावा, हें त्यांना ठाऊक होतें.